फटकापूर्व नित्यक्रमाचे सातत्य: गोल्फमधील संकल्पना आणि महाविद्यालयीन क्रीडाशिक्षण

गोषवारा

गोल्फ खेळताना प्रत्येक फटक्यापूर्वी खेळाडू जी ठरावीक मानसिक व शारीरिक कृतींची मालिका पार पाडतो, तिला प्रस्तुत लेखात 'फटकापूर्व नित्यक्रम' असे म्हटले आहे. या नित्यक्रमाचे टप्पे, त्यामागील मानसशास्त्रीय कारणमीमांसा व त्यातील सातत्याचा नेमका अर्थ स्पष्ट करणे हा लेखाचा पहिला हेतू आहे. गोल्फचे मैदान उपलब्ध नसलेल्या महाविद्यालयांत ही संकल्पना कशी उपयोजिता येईल, याचा विचार करणे हा दुसरा हेतू होय. दडपणाखाली कामगिरी टिकवणे हा केवळ स्वभावाचा भाग नसून शिकवता येणाऱ्या कौशल्याचा भाग आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा: नित्यक्रम, स्वगतीची कौशल्ये, अवधान, दडपण, क्रीडाशिक्षण.

१. प्रस्तावना

सरावात सर्व्हिस सहसा न चुकवणारा व्हॉलीबॉलपटू आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या निर्णायक क्षणी चेंडू जाळ्यात मारतो, हा अनुभव क्रीडाशिक्षकांना नवा नाही. अशा वेळी 'दडपण आले', 'मन खंबीर नाही' किंवा 'नशिबाने साथ दिली नाही' असे म्हणून विषय संपवला जातो. या तिन्ही स्पष्टीकरणांत एक समान दोष आहे: त्यांतून पुढच्या दिवशी मैदानावर काय शिकवावे, याचे उत्तर मिळत नाही. खेळाडूचे शरीर तेच असते, तंत्रही तेच असते. मग बदलते काय? या प्रश्नाचा जितका बारकाईने अभ्यास गोल्फच्या संदर्भात झाला आहे, तितका फार थोड्या खेळांच्या बाबतीत झाला असेल.

थळसारख्या किनारी गावातील विद्यार्थ्याचा गोल्फशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. रायगड जिल्ह्यात सिडकोने विकसित केलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. परंतु हा खेळ खर्चिक असल्याने सामान्य महाविद्यालयीन खेळाडूच्या आवाक्याबाहेरच राहतो. तरीही गोल्फमधून मिळणारी ही संकल्पना मात्र विनामूल्य आहे. म्हणूनच तिचा परिचय येथे करून दिला आहे.

२. स्वगतीची कौशल्ये

क्रीडाकौशल्यांचे एक वर्गीकरण कृतीचा आरंभ कोण ठरवतो यावर आधारलेले आहे. कबड्डीत पकड करणारा खेळाडू चढाईपटूच्या हालचालीस प्रतिसाद देतो. तेथे विचाराला सवड नसते. याउलट गोल्फचा फटका, बास्केटबॉलमधील फ्री थ्रो, व्हॉलीबॉलची सर्व्हिस, नेमबाजी, तिरंदाजी व कॅरम यांत कृती केव्हा सुरू करायची, हे खेळाडू स्वतः ठरवतो. ही स्वगतीची कौशल्ये होत.

वरवर पाहता ती सोपी वाटतात, कारण प्रतिस्पर्धी आड येत नाही. प्रत्यक्षात मोकळा वेळ हीच त्यांतील अडचण ठरते. एका फेरीत ७२ फटके मारले आणि प्रत्येक फटक्याची प्रत्यक्ष हालचाल दोन सेकंदांची धरली, तर चार तासांच्या फेरीत चेंडू मारण्याची क्रिया एकूण १४४ सेकंदच चालते. उरलेला सर्व वेळ चालणे, पाहणे आणि विचार करणे यांत जातो. मागचा चुकलेला फटका व पुढचे गुण हे दोन्ही याच वेळात मनात शिरतात. नित्यक्रम या मोकळ्या वेळेतील शेवटच्या काही सेकंदांना निश्चित काम नेमून देतो.

३. नित्यक्रमाचे टप्पे

क्रीडामानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिंगर यांनी १९८८ मध्ये स्वगतीच्या कौशल्यांसाठी पाच पायऱ्यांची पद्धती मांडली: सज्ज होणे, कृतीचे मनश्चित्र पाहणे, अवधान एका बिंदूवर आणणे, कृती करणे आणि तिचे मूल्यमापन करणे. गोल्फच्या संदर्भात या पायऱ्या पुढीलप्रमाणे दिसतात.

पहिल्या टप्प्यात खेळाडू चेंडूच्या मागे उभा राहतो. अंतर, वारा, जमिनीचा उतार व चेंडूची स्थिती पाहून तो क्लब निवडतो आणि लक्ष्य ठरवतो. दुसऱ्या टप्प्यात चेंडूचा मार्ग डोळ्यांसमोर आणतो. ख्यातनाम खेळाडू जॅक निकलॉस यांनी आपण प्रत्येक फटक्यापूर्वी चेंडूचा प्रवास चित्रपटासारखा मनात पाहतो, असे नमूद केले आहे. दूरच्या लक्ष्याच्या रेषेवर चेंडूपुढे काही फुटांवरील एखादी खूण निवडून तिच्या आधारे पवित्रा घेण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध आहे. तिसऱ्या टप्प्यात खेळाडू चेंडूजवळ येऊन पवित्रा घेतो, एकदा लक्ष्याकडे पाहतो आणि नजर चेंडूवर स्थिर करतो. त्यानंतर विलंब न लावता फटका मारला जातो. शेवटी परिणाम पाहून थोडक्यात नोंद घेतली जाते आणि तो फटका मनातून बाजूला ठेवला जातो.

या क्रमातील महत्त्वाची रेषा निर्णय आणि कृती यांच्यामध्ये आहे. पिया निल्सन व लिन मॅरियट या प्रशिक्षिकांनी ती 'विचाराचा चौकोन' आणि 'खेळाचा चौकोन' अशा सोप्या कल्पनेने समजावली. चेंडूच्या मागे असताना सर्व शंकांना जागा आहे. पुढे पाऊल टाकल्यावर एकाही शंकेला जागा नाही. शंका आलीच, तर मागे फिरून क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

४. कारणमीमांसा

नित्यक्रम उपयुक्त का ठरतो, हे समजण्यासाठी दडपणाखाली कामगिरी का ढासळते, हे पाहावे लागते. रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ मध्ये असे मांडले की, दडपणाखाली माणूस स्वतःच्या कृतीकडे अतिरिक्त लक्ष देऊ लागतो आणि एरवी आपोआप घडणारी क्रिया त्यामुळे विस्कळीत होते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागल्यास पाय अडखळतो, तसेच हे आहे. रिच मास्टर्स यांच्या १९९२ मधील पटिंगवरील प्रयोगात सूचनांचा भडिमार सोसून शिकलेल्या नवशिक्यांपेक्षा, तंत्राचे शाब्दिक ज्ञान फारसे न मिळवता शिकलेले नवशिके दडपणाखाली अधिक स्थिर राहिले.

नित्यक्रम येथे दोन कामे करतो. विचलित करणाऱ्या बाह्य गोष्टींकडे जाणारे मन तो कामाशी संबंधित खुणांकडे वळवतो. तसेच मनगट, कोपर, खांदा यांकडे वळू पाहणारे लक्ष तो लक्ष्याकडे नेतो. नजरेच्या स्थिरतेचेही येथे महत्त्व आहे. जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास केला. कुशल खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी कमी ठिकाणी फिरते व चेंडूवर अधिक काळ स्थिरावते, असे त्यात आढळले. या अंतिम स्थिर नजरेला पुढे 'शांत दृष्टी' अशी संज्ञा रूढ झाली.

५. सातत्य म्हणजे काय?

सातत्य म्हणजे दर वेळी तितकेच सेकंद घेणे, असा समज आढळतो. तो तपासून घेण्याजोगा आहे. रॉबिन जॅक्सन यांनी १९९९ च्या रग्बी विश्वचषकातील गोल-किकचा अभ्यास केला. किक जितकी अवघड, तितका खेळाडूंचा एकाग्रतेचा काळ वाढत असल्याचे त्यांना दिसले. तसेच वेळेच्या बाबतीत अधिक काटेकोर असणारे खेळाडू अधिक यशस्वी ठरतात, असेही आढळले नाही. यावरून सातत्याचा अर्थ घड्याळात न शोधता क्रमात आणि अवधानाच्या आशयात शोधावा लागतो. अवघड फटक्याला निर्णयाचा टप्पा लांबेल; परंतु पवित्रा घेतल्यानंतरचा टप्पा शक्यतो तसाच राहिला पाहिजे.

वेळेला नियमाची मर्यादाही आहे. २०१९ पासून लागू झालेल्या गोल्फच्या नियमांत, खेळण्यास मोकळीक मिळाल्यापासून ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस आहे. याच नियमावलीने खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यावर कॅडीने त्याच्या पाठीमागे रेषेत हेतुपुरस्सर उभे राहण्यास बंदी केली. दिशा साधण्याचे काम खेळाडूने स्वतःच करावे, हा त्यामागील विचार आहे.

६. नित्यक्रम आणि श्रद्धाचार

कबड्डीपटू मैदानात पाऊल ठेवताना भूमीला स्पर्श करून हात कपाळी लावतो. ही आदराची कृती आहे आणि तिचे मूल्य वेगळे आहे. ठरावीक रंगाचा रुमाल बांधल्याशिवाय न खेळणे हा शुभाशुभाचा समज झाला. नित्यक्रम या दोहोंहून भिन्न आहे, कारण त्यातील प्रत्येक कृतीचा पुढील कामाशी कार्यकारणसंबंध सांगता येतो. चेंडू तीनदा आपटल्याने तो जाळ्यापलीकडे जाणार नाही. मात्र त्यामुळे श्वास संथ होत असेल व हाताला चेंडूचा अंदाज येत असेल, तर ती कृती नित्यक्रमात बसते. 'हे का करतोस?' या प्रश्नाला खेळाडूला उत्तर देता येणे, ही सोपी कसोटी होय.

कुशल माणसाला ठरलेल्या क्रमाची गरज काय, असाही आक्षेप घेतला जातो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग मॉडेल २९९ हे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. वैमानिक अनुभवी होते. विमान जमिनीवर उभे असताना त्याचे नियंत्रक पंख जखडून ठेवणारे कुलूप काढायचे राहून गेले होते. त्यानंतर उड्डाणपूर्व तपासणी यादीची पद्धत रूढ झाली. थळच्या खत प्रकल्पात तयार होणाऱ्या अमोनियासारख्या रसायनाच्या उत्पादनातही यंत्रणा सुरू करताना ठरलेला क्रम पाळावा लागतो. क्रम कौशल्याचा पर्याय नसतो; ऐन वेळी कौशल्य पूर्णपणे उपयोगात यावे, याची ती व्यवस्था असते.

७. महाराष्ट्रातील नेमबाजी

गोल्फला सर्वांत जवळचे आणि महाराष्ट्रात खोलवर रुजलेले उदाहरण नेमबाजीचे आहे. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा मध्यबिंदू केवळ अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. पात्रता फेरीत ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे, म्हणजे सरासरी एका गोळीस ७५ सेकंद मिळतात. प्रत्येक गोळी स्वतंत्र मानून तीच तयारी साठ वेळा करणे, हेच येथे कसब असते. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आणि सुमा शिरूर यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर यांचा 'लक्ष्य शूटिंग क्लब' रायगड जिल्ह्यातील पनवेल येथे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. पात्रता फेरीत ते सातवे होते. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत एकाच फेरीत नेम साधायचा असल्याने प्रत्येक स्थितीची बांधणी नव्याने करावी लागते. पूर्वतयारी हा स्पर्धेचाच भाग कसा असतो, हे या प्रकारात स्पष्ट दिसते.

८. महाविद्यालयीन पातळीवरील उपयोजन

व्हॉलीबॉलच्या सर्व्हिससाठी सहा आठवड्यांची एक योजना येथे सुचवता येईल. पहिल्या आठवड्यात खेळाडूच्या दहा सर्व्हिस मोबाइलवर चित्रित करून तो आपोआप काय करतो, याची नोंद घ्यावी. दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःच्या शब्दांत चारपेक्षा अधिक नसलेले टप्पे लिहावेत. पंचांच्या शिट्टीनंतर सर्व्हिससाठी आठ सेकंद असतात. म्हणून निर्णय शिट्टीपूर्वी व कृती शिट्टीनंतर, अशी विभागणी करावी. थळच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. तो कोणत्या बाजूचा आहे आणि चेंडू कोठे टाकायचा, हे शिट्टीपूर्वी ठरवावे. शिट्टीनंतर एक संथ श्वास, लक्ष्यावर नजर, 'उंच' यासारखा एखादा शब्द आणि सर्व्हिस.

तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात नित्यक्रमाविना टाकलेली सर्व्हिस मोजू नये. पाचव्या आठवड्यात दडपण निर्माण करावे: प्रत्येकाला एकच संधी द्यावी, संघासमोर गुण जाहीर करावेत, चित्रीकरण करावे. सायन बायलॉक व थॉमस कार यांच्या २००१ मधील प्रयोगात, चित्रीकरण होत असताना पटिंगचा सराव केलेले सहभागी पुढे दडपणाखाली ढासळले नाहीत. सहाव्या आठवड्यातील सामन्यानंतर 'किती गुण मिळाले' या प्रश्नाआधी 'किती वेळा क्रम पूर्ण पाळला' हा प्रश्न विचारावा. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोसाठीही हीच रचना चालते; तेथे मात्र पाचच सेकंद मिळतात.

९. मर्यादा

नित्यक्रम अपुऱ्या तंत्राची भरपाई करू शकत नाही. बूचर व क्रूज यांच्या १९८७ च्या महाविद्यालयीन गोल्फपटूंवरील अभ्यासात प्रशिक्षणानंतर मुलींच्या पटिंगमध्ये सुधारणा झाली, मुलांच्या बाबतीत तसे दिसले नाही. या क्षेत्रातील अनेक अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत. तथापि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुप्रेख्त व सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात दडपण असताना आणि नसतानाही नित्यक्रमाचा अनुकूल परिणाम दिसून आला. दुसऱ्याचा क्रम जसाच्या तसा लादणे मात्र टाळावे. तो खेळाडूच्या सवयींतूनच घडवावा लागतो.

१०. समारोप

निर्णायक क्षणी चुकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण बहुधा 'घाबरू नकोस' असे सांगतो. ही सूचना सदिच्छेची असली, तरी त्या क्षणी काय करावे, हे तिच्यातून कळत नाही. 'वारा पाहा, श्वास घे, लक्ष्य पाहा, सर्व्हिस कर' या सूचनेतून ते कळते. भीती हटवणे शिक्षकाच्या हाती नसते. भीती असतानाही करावयाच्या कृतींचा क्रम देणे त्याच्या हाती असते. शारीरिक शिक्षणाच्या सराव-वेळापत्रकात तंत्र व तंदुरुस्ती यांच्या जोडीने नित्यक्रमालाही निश्चित वेळ दिल्यास, आजवर स्वभावदोष समजून सोडून दिलेले अनेक खेळाडू आपल्याला पुन्हा मैदानावर उभे करता येतील.