बाटलीतली मुसळी आणि मामांचे पाच लाख

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास रावेरहून मामांचा फोन आला. "अरे, सफेद मुसळी लावतोय. टिश्यू कल्चरची रोपं कंपनी देणार, माल परत कंपनीच घेणार. तू पाच लाख टाक. तिकडच्या बँकेत काय मिळतं तुला?"

मामांची केळीची बाग कित्येक वर्षे टिश्यू कल्चरच्या रोपांवर उत्तम चालली आहे, त्यामुळे त्यांचा विश्वास समजण्यासारखा होता. माझा वनस्पतिशास्त्राशी संबंध बारावीला संपला. पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो. पण प्रश्न पाच लाखांचा होता. म्हणून थोडे वाचन केले, आणि डिसेंबरात भारतात गेलो तेव्हा मामांना घेऊन पुण्याजवळची एक प्रयोगशाळाही पाहून आलो. असे फोन आपल्यापैकी अनेकांना येत असतील, म्हणून हा लेखप्रपंच.

टिश्यू कल्चरला मराठीत ऊतिसंवर्धन म्हणतात. झाडाच्या एका जिवंत पेशीतूनही पूर्ण रोप तयार होऊ शकेल, अशी कल्पना हाबरलांट या शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. पेशींना खायला काय द्यायचे हे कळायला मात्र बराच काळ गेला. आज बहुतेक प्रयोगशाळांत वापरतात ते मुराशिगे आणि स्कूग यांचे मिश्रण १९६२ सालचे, तेही तंबाखूवर काम करताना सापडलेले. त्यात क्षार, थोडी जीवनसत्त्वे, साखर आणि घट्टपणासाठी अगार, म्हणजे आपले चायना ग्रास. हे सारे बाटल्यांत भरून १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली निर्जंतुक करतात. मामींना सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे कुकरच की!" खरोखर, मोठा कुकरच.

मुसळीच्या गड्ड्यावरचा कोंब धुऊन, जंतुनाशकात बुडवून बाटलीत ठेवतात. खोली २५ अंशांची, उजेड १६ तास. मिश्रणात सायटोकायनिन हे संप्रेरक जास्त असले की कोंबाला कोंब फुटतात. मग ऑक्सिन जास्त दिले की मुळे धरतात. दर तीन-चार आठवड्यांनी कोंब सुटे करून नव्या बाटल्यांत. मुसळीला हे सोयीचे आहे, कारण तिचे बी नीट उगवत नाही आणि गड्डे बियाण्यासाठी राखले तर विकायचे काय? (या वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. होय, आपल्या बोरिवलीवरूनच.)

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. एका कोंबाचे महिन्याला तीन धरले, तर वर्षात ५,३१,४४१ रोपे! कंपनीच्या रंगीत पत्रकात असाच आकडा होता. आता दर महिन्याला फक्त २० टक्के बाटल्या बुरशीने किंवा इतर कारणाने गेल्या असे धरा. मग तिनाऐवजी २.४ ने गुणायचे, आणि वर्षाअखेर उरतात सुमारे ३६,५००. गणित तेच, फक्त एक आकडा प्रामाणिक केला. शिवाय बाटलीतले रोप लाडावलेले असते. पानांवर मेणाचा थर नीट नसतो, बाहेरच्या कोरड्या हवेत ते माना टाकते. त्याला काही आठवडे दमट शेडमध्ये, कोकोपीटमध्ये बाहेरची सवय लावावी लागते. पत्रकात शेडचा उल्लेख नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टिश्यू कल्चर म्हणजे नक्कल. मूळ प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर प्रत्येक प्रतीत ती चूक येणार. मातृरोप कोणते, त्याच्या मुळांत औषधी द्रव्य किती, हे कोणी तपासले होते? वारंवार कोंब तोडत राहिले तर काही रोपे मूळ वाणापासून ढळतातही. आणि नक्कल अचूक असली, तरी औषध रोपाच्या वयावर, मातीवर आणि काढणीच्या वेळेवरही अवलंबून असते.

औषधी वनस्पतींसाठी हे तंत्र निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच नाही. सह्याद्रीतला नरक्या घ्या. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते. हे द्रव्य १९६६ साली एका चिनी वृक्षातून वेगळे करणाऱ्यांत मनसुख वाणी होते, जन्म आपल्या नंदुरबारचा. त्यापासून बनवलेल्या दोन कर्करोगविरोधी औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, आणि इकडे जंगलातला नरक्या चोरून तोडला जाऊ लागला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्याच्या ऊतिसंवर्धनावर काम झाले आहे. जंगलात कुऱ्हाड न घालता रोपे मिळणे, हा माझ्या मते या तंत्राचा खरा उपयोग.

आता पैशांकडे. मामांना मी तीन प्रश्न विचारायला सांगितले. प्रयोगशाळेला भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन योजनेची मान्यता आहे का? (ही योजना २००६ पासून आहे; तीत रोपांचे विषाणू आणि वाणाचा खरेपणा तपासतात.) खरेदीच्या हमीत भाव आणि प्रत लिहिली आहे का? कंपनी हा माल पुढे कोणाला विकते? तिसऱ्या प्रश्नावर तिथला माणूस म्हणाला, "साहेब, मागणी खूप आहे." खरेदीदाराचे नाव काही निघेना. रोपे विकून जिचा नफा आधीच झाला आहे, तिला मुळे विकत घेण्याची घाई कशी असेल?

आपल्यासाठी आणखी दोन गोष्टी. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने मिळू शकते. तेव्हा "तुमच्या नावावर एक एकर" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. आणि अनेकांचे पैसे एकत्र करून चालवलेल्या अशा योजनेला १९९९ च्या नियमांनुसार सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा.

मी पाच लाख पाठवले नाहीत. मामा आठ दिवस बोलले नाहीत. मग जूनमध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने दोनशे रोपे आणून केळीच्या कडेला लावली. एकशे साठेक जगली आहेत. आता पाने पिवळी पडू लागली असून काढणी दिवाळीनंतर आहे. मुळे सोलायला कोण बसणार, यावर मामा-मामींचे अजून एकमत झालेले नाही.