गोळी आणि खोकला

रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत कोरडी ढास लागली, की घरात अडुळशाचा काढा उकळू लागतो. वास्तविक येथे कफ नसतोच. एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गातील औषधांमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य साठते व घसा खवखवतो. (या वर्गातील पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, १९८१ साली अमेरिकेत मान्य झाली, तिचे मूळ ब्राझीलमधील एका सापाच्या विषात!) काढ्याचे आम्हांस भय नाही, रोगी परस्पर गोळी सोडतो, त्याचे आहे. दाब मुकाट्याने चढतो, आणि पक्षाघात बहुधा वर्दी देऊन येत नाही. तेव्हा ढास लागल्याचे डॉक्टरांस सांगावे. ते लोसार्टानसारखे दुसरे औषध देऊ शकतात. मग ढास बहुधा महिन्याभरात थांबते. ओठ वा जीभ सुजली, तर मात्र पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.