प्लेगचे बाण, गल्लीतले क्रूस आणि मरीआईचा गाडा

रावेर : येथून रेल्वेने मुंबईस गेलेला प्रवासी गिरगावात वा बांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांत फिरला, तर घरांना खेटून उभे असलेले दगडी क्रूस त्याला हमखास दिसतात. त्यांपैकी कित्येक प्लेगचे क्रूस आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतर ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांनी, कोणी रोग दूर राहावा म्हणून, तर कोणी जीव वाचला म्हणून, असे क्रूस उभारले. अनेकांवर साल कोरलेले आहे आणि आज तोच त्यांच्या वयाचा पुरावा ठरतो. एप्रिल २०१७ मध्ये बांद्र्यातील बाजार रोडवरचा एक शतकाहून जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा हा पुरावा किती मोलाचा आहे, हे रहिवाशांच्या ध्यानी आले.

साथीपुढे हतबल झाल्यावर देवाकडे असे गाऱ्हाणे मांडण्याची रीत ख्रिस्ती जगात जुनी आहे. फ्रान्समधील मार्सेय शहरात १४९७ मध्ये संत सेबास्टियनच्या भक्तमंडळाने एका चर्चच्या वेदीसाठी चित्रमालिका करवून घेतली. ती पूर्ण केली जोस लिफेरिंक्स या चित्रकाराने. त्याचा सहकारी कामाच्या मध्यातच मरण पावला होता. या मालिकेतील एक फलक आज अमेरिकेत बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. त्यात वर आकाशात, अंगात बाण रुतलेला सेबास्टियन देवापुढे गुडघे टेकून रदबदली करतो आहे. बाणच का? प्लेग हा देवाने सोडलेला बाण, ही कल्पना ग्रीकांपासून चालत आलेली. सेबास्टियन बाणांनी विंधला जाऊनही त्या वेळी वाचला होता; म्हणून प्लेगमध्ये त्याचा धावा.

खरी नजर खिळते ती खालच्या भागावर. कफनात गुंडाळलेले प्रेत खड्ड्यात उतरवले जात आहे आणि प्रेत वाहणाराच जमिनीवर कोसळला आहे. त्याच्या मानेवर गाठ आहे. संताचा महिमा सांगणाऱ्या चित्रात चित्रकाराने हे लपवले नाही.

रोग कशाने पसरतो, हे मार्सेयकरांना ठाऊक नव्हते आणि १८९६ मध्ये मुंबईकरांनाही नव्हते. उंदरांवरच्या पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला. हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती. पण लसीवर विश्वास बसण्यास वेळ लागला.

खानदेशही या रोगातून सुटला नाही. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे पुत्र ओंकार यांना प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. येथे ना वेदीचित्र, ना कोरीव क्रूस. येथे गावकुसाबाहेर शेंदूर माखलेली मरीआई. पटकी असो, देवी असो वा प्लेग, तिच्या नावाने गाडा सजवायचा, वाजतगाजत गावाभोवती फिरवायचा आणि साथीसह शिवेपार नेऊन सोडायचा. ही भेट शेजारच्या गावाला कितपत रुचत असेल, हे सांगायला नको! तेही मग पूजा करून गाडा पुढच्या शिवेवर ढकलत.