केसपेपरच्या खिडकीपाशी थांबलेली ती

अमरावतीत कॉलेज करताय? मग डफरीनसमोरून कितीदा तरी गेला असाल. कागदावर त्याचं नाव जिल्हा स्त्री रुग्णालय. अकोल्याच्या मित्रांना ‘लेडी हार्डिंग’ म्हटलं की कळेल.

समजा, धारणीकडच्या गावातून एक पहिलटकरीण तिथं आलीय. सेमाडोहचा घाट उतरून, दीडशेच्या आसपास किलोमीटर. सिस्टर विचारते, “शेवटची पाळी कधी आली होती?” ती नुसती मान हलवते. सिस्टरला वाटतं, हिला समजलं. तिला एवढंच समजलं, की बाई घाईत आहेत.

तिची भाषा कोरकू. ती मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. मुंडा भाषांपैकी, म्हणजे संथालीच्या नात्यातली. बाजारापुरती हिंदी येते हो, पण अंगावरून जातंय, पोटात बाळ हलत नाहीये, हे बाजारच्या हिंदीत कसं सांगायचं? तेही परक्या पुरुषांसमोर?

सोयी नाहीत असं नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, दाखल असेपर्यंत जेवण, सगळं मोफत. घरून आणणं आणि परत सोडणंही. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. पण हक्क आहे हे कळलंच नाही, तर मागायचं काय अन्‌ कुणाला?

हा प्रश्न फक्त मेळघाटचा नाही. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या हजारो बायका राहतात. दवाखाना जवळ, उपचार मोफत. अडायचं ते भाषेपाशी. तिथं त्यांची भाषा बोलणाऱ्या बायकांनाच ‘हेल्थ अॅडव्होकेट’ म्हणून सोबत द्यायला सुरुवात झाली. काम नुसतं भाषांतराचं नव्हतं. ‘तिला अजून समजलं नाही, पुन्हा सांगा,’ असं डॉक्टरांना म्हणणं, हेही त्यात आलं.

आपल्याकडे गावात ‘आशा’ताई हे काम करतात. शहरात मात्र बाई एकटी पडते. आणि शहरात कोण आहे? तुम्ही! वसतिगृहात राहणाऱ्या, कोरकू बोलणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, तुमच्याकडे जे आहे ते आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

बाकीच्यांनाही करता येईल असं बरंच आहे. केसपेपरची खिडकी, सोनोग्राफीची खोली, रक्तपेढी दाखवा. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँक पासबुक एका पिशवीत ठेवायला सांगा. परत जाताना गाडीसाठी 102 बद्दल विचारा. भाषांतर करत असाल तर ती बोलली तेवढंच सांगा, आपलं काही घालू नका. नाजूक प्रश्न असेल तर मुलांनी बाजूला व्हा, मैत्रिणीला पुढे करा. नवऱ्यानं किंवा पोरानं तिच्या वतीनं उत्तर देऊ नये, हेही नम्रपणे सुचवा. जे कळलं ते बाहेर बोलायचं नाही. आणि फोटो, रील? अजिबात नाही.

सही किंवा अंगठा घेण्याआधी एक प्रश्न मात्र तिच्या भाषेत तिलाच विचारला गेला पाहिजे: “माय, तुले समजलं का?” ती नाही म्हणाली, तर सगळ्यांनी थांबायचं.

पुढच्या वेळी डफरीनसमोरून जाताना गाडी थोडी हळू करा. खिडकीपाशी कुणीतरी अडलेलं असेल.