बारकी, मोठी आणि डीएनए

कोल्हापूरच्या मासळी बाजारात मी एकदा मावशींना विचारलं, "कोळंबीच्या जाती किती?" त्या म्हणाल्या, "दोनच की वो! बारकी आन् मोठी." मी प्राणिशास्त्र शिकवणारा, पण मला त्यांना हसता आलं नाही. नुसत्या रूपावरून जात ठरवताना शास्त्रज्ञही फसले आहेत.

तळ्यात वाढवतात ती गोड्या पाण्यातली मोठी कोळंबीच घ्या. शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. एकाच तळ्यातले नर पाहा. काही खुजे, काहींच्या नांग्या नारिंगी, तर काहींच्या लांबलचक निळ्या. तीन जाती वाटाव्यात, पण ही एकाच जातीच्या नरांची तीन रूपं. उलट, सारख्या दिसणाऱ्या दोन कोळंब्या मुळात वेगळ्या असू शकतात.

इथे डीएनए उपयोगी पडतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात थोडा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो. दोन ठिकाणच्या कोळंब्यांत त्याची अक्षरं ताडून पाहिली, की त्यांचे वंश किती जुने वेगळे आहेत याचा अंदाज येतो. २००४ साली अशाच अभ्यासातून दिसलं, की या कोळंबीचे फार पूर्वी दुरावलेले दोन गट आहेत. भारत-थायलंडकडचा पश्चिमेचा आणि न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडचा पूर्वेचा.

मग पेच पडला. दे मान यांनी १८७९ मध्ये 'रोझेनबर्गी' हे नाव दिलं ते न्यू गिनीच्या नमुन्यावरून. म्हणजे नियमाप्रमाणे नाव पूर्वेचं, आणि आपल्याकडच्या कोळंबीचं बारसं पुन्हा करायचं! पण जगभरच्या कोळंबीपालनात हेच नाव रुळलेलं. अखेर २०१० मध्ये प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नियमाला मुरड घातली. जुनं नाव आपल्याकडे राहिलं, पूर्वेचीला वेगळं नाव आलं.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? कोळंबीचं बीज देशोदेशी जातं. दोन्ही वंशांची सरमिसळ झाली, तर निसर्गाने युगानुयुगं जपलेलं वेगळेपण पुसलं जाईल, ते पुन्हा मिळणार नाही.

हे घराजवळही लागू आहे. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेच्या नावावरून १९५२ मध्ये एका कोळंबीचं नाव 'किस्टनेन्सिस' ठेवलं गेलं. नदीत सांडपाणी मिसळतं, झिंगे मरतात. ज्या जातीला आपण ओळखलंच नाही, ती गेली तरी तिची हाक कुणाला ऐकू येणार? म्हणून बारकी आणि मोठी यांच्या पलीकडे मोजायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)