खाजकुइलीची कुसे आणि बधिर करणारे मलम

पावसाळा सरला की नेरूळहून भटकी मंडळी सह्याद्रीच्या वाटा धरतात आणि एखाददुसरा मानेवर, हातांवर खाजकुइली घेऊन परततो. शेंगेवरची तपकिरी कुसे दिसायला मखमली, पण अंगाला लागली की माणूस जागचा हलतो. अशा वेळी औषधाच्या दुकानात दोन गोष्टी हाती पडतात : अ‍ॅलर्जीची गोळी आणि लिग्नोकेनची ट्यूब. गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि त्यामागचे कारण मोठे रंजक आहे.

डास चावला की त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात. गोळी अडवते ती त्याला. खाजकुइलीची वाट निराळी. तिच्या कुसांत प्रथिने तोडणारे म्यूक्युनेन हे एन्झाइम असते. शेली आणि आर्थर या अमेरिकी संशोधकांनी ते १९५५मध्ये दाखवले. ते हिस्टामिनला वगळून थेट मज्जातंतूंवरच्या ग्राहींना चेतवते, हे उलगडायला मात्र २००८ उजाडले. आपल्या रानातली ही वेल आज जगभरच्या प्रयोगशाळांत खाजेचा अभ्यास करायला वापरतात!

खाज कशानेही सुटो, तिचा निरोप तंतूतूनच मेंदूकडे जातो. तंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की निरोप पुढे सरकतो. लिग्नोकेन ही दारे अडवते. दुखऱ्या दाढेखाली आजी ठेवायची त्या लवंगेतले युजेनॉलही बरेचसे हेच करते. लिग्नोकेन १९४३मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी तयार केले. लुंडक्विस्टने तर ते स्वतःवरच टोचून पाहिले.

तरीही ट्यूब हा सरसकट उतारा नव्हे. धड त्वचेतून औषध सावकाश मुरते. प्रिलोकेन मिसळलेले मलमसुद्धा पट्टीखाली तासभर ठेवावे लागते. खाजवून सोललेल्या कातडीतून मात्र ते झपाट्याने रक्तात उतरते. लहान मुलाच्या अंगभर थापले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. बेन्झोकेनची तर काहींना अ‍ॅलर्जी होते, म्हणजे खाजेच्या औषधानेच खाज! आणि गजकर्णावर बधिर करणारे मलम लावले, तर बुरशी खाली निवांत पसरत राहते.

खाजकुइलीच्या बाबतीत आधी कुसे काढायची. चोळायचे नाही, चोळल्याने ती आत रुततात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलायची, मग भरपूर पाण्याने धुवायचे. गावाकडे शेण लावतात. वाळलेल्या शेणाबरोबर कुसे निघतात हे खरे, पण ओरखड्यांवर शेण म्हणजे धनुर्वाताला आवतण. मलमाची पाळी त्यानंतरची, तीही ओरखडा नसेल तेवढ्याच जागेवर.