भिंतीवरची प्रश्नपत्रिका

कबड्डीचं मैदान आखलं किंवा बॅडमिंटनचं जाळं ताणलं, की सामना सुरू करता येतो. क्रीडासंकुलातल्या प्रस्तरारोहणाच्या भिंतीचं तसं नाही. स्पर्धेच्या आठवड्यात ही भिंत आधी उघडी करावी लागते. महिनोन्‌महिने लोकांच्या हातापायांखाली असलेले रंगीत होल्ड एकेक करून उतरवले जातात. चॉकचा पांढरा आणि बुटांच्या रबराचा काळा थर निघेपर्यंत ते धुतले, घासले जातात. मागे उरतं ते नुसतं प्लायवूड आणि त्यातली शेकडो भोकं. या कोऱ्या भिंतीवर दोन-चार दिवसांत, कुणाही स्पर्धकाने आधी न पाहिलेले मार्ग रचायचे असतात. स्पर्धा आटोपली की तेही यथावकाश उतरतात आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

हे मार्ग रचणाऱ्याला रूट सेटर म्हणतात. बक्षीस समारंभात त्याचं नाव क्वचितच घेतलं जातं. पण स्पर्धा रंगली की फसली, हे बहुतेक वेळा त्याच्या कामावरून ठरतं.

प्रस्तरारोहण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लिंगाणा, तैलबैला, ड्यूक्स नोज उभे राहतात. छताखालची भिंत त्यामानाने अलीकडची. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सन यांनी 1964 मध्ये तिथल्या एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. थंडी-पावसाच्या दिवसांत सराव चालू राहावा, एवढीच अपेक्षा. पुढे याच भिंतीवर तयार झालेला जॉन सिरेट यॉर्कशायरच्या कड्यांवर भल्याभल्यांना जड जाऊ लागला, तेव्हा भिंतीवरचा सराव म्हणजे पोरखेळ नव्हे, हे लोकांना पटलं.

स्पर्धा मात्र खऱ्या कड्यांवर सुरू झाल्या. सोव्हिएत संघात 1940च्या दशकापासूनच वेगाने चढण्याच्या शर्यती लागत. आज आपण ओळखतो त्या प्रकारची स्पर्धा 1985 मध्ये इटलीतल्या बार्दोनेक्किया गावाजवळच्या कड्यावर झाली. जर्मनीचा स्टेफान ग्लोवाक्स आणि फ्रान्सची कॅथरीन देस्तिव्हेल तिथे जिंकले. त्याच वर्षी फ्रान्समधल्या 19 नामवंत आरोहकांनी स्पर्धांविरुद्ध पत्रक काढलं होतं. चढाई हा स्वतःशी मांडलेला खेळ, त्यात गुण आणि क्रमांक कशाला, असा त्यांचा सवाल होता. त्यातले काही जण पुढे स्वतःच स्पर्धेत उतरले.

कड्यावरच्या स्पर्धेची खरी अडचण वेगळी होती. पाऊस आला की सगळंच ओमफस. हजारो प्रेक्षक पायथ्याशी जमवायचे तर डोंगराची नासधूस ठरलेली. शिवाय ज्याच्या घरामागे तो कडा आहे, त्याला त्याची प्रत्येक खाच पाठ. ल्योंजवळच्या व्हो-आँ-व्हलँ इथे 1986 मध्ये कृत्रिम भिंतीवर स्पर्धा झाली आणि या तिन्ही अडचणी सुटल्या. 1989 मध्ये विश्वचषक मालिका सुरू झाली, 1991 मध्ये फ्रँकफर्टला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेव्हापासून स्पर्धा छताखाली किंवा निदान बांधलेल्या भिंतीवर, हे पक्कं झालं.

या खेळाचे आज तीन प्रकार आहेत. ‘स्पीड’मध्ये 15 मीटरच्या भिंतीवर दोघे शेजारी-शेजारी धावत सुटतात. ‘लीड’मध्ये दोर लावून, वाटेतल्या क्विकड्रॉमध्ये, म्हणजे भिंतीला टांगलेल्या कड्यांमध्ये, तो अडकवत 6 मिनिटांत जितकं उंच जाता येईल तितकं जायचं, हात सुटला की खेळ संपला. ‘बोल्डरिंग’मध्ये दोर नाही. भिंत साधारण चार-साडेचार मीटरची, खाली जाड मॅट, आणि ठरलेल्या वेळात हवे तितके प्रयत्न. यांपैकी स्पीडचा मार्ग जगभर एकच असतो. हातांसाठी 20 आणि पायांसाठी 11 होल्ड, तेही ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कोनात. म्हणून तिथे विश्वविक्रम मोजता येतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोलंडच्या अलेक्सांद्रा मिरोस्लावने 6.06 सेकंदांचा विक्रम केला, तो याच पाठ केलेल्या मार्गावर. लीड आणि बोल्डरिंगमध्ये मात्र प्रत्येक स्पर्धेला नवा मार्ग लागतो आणि सेटरची कसोटी लागते ती इथेच.

त्याचं काम प्रश्नपत्रिका काढण्यासारखं आहे. पेपर इतका सोपा निघाला की सगळ्यांना पैकीच्या पैकी, तर क्रमांक लावायचे कसे? इतका अवघड निघाला की सगळे पहिल्याच प्रश्नाला अडकले, तरी तेच. चांगल्या अंतिम फेरीत एक बोल्डर, म्हणजे बोल्डरिंगचा एक मार्ग, बहुतेकांना सुटतो, एक कुणा एकालाच सुटतो, आणि उरलेले या दोहोंच्या मधले असतात. मात्र इथे पेपर काढणाऱ्याला परीक्षार्थींची ताकद आधी अंदाजावीच लागते, आणि तीही आधीच्या फेऱ्या चढून त्यांचे हात भरून आलेले असताना.

एक होल्ड बसताना पाहिला तरी या कामाची कल्पना येते. भिंतीचं प्लायवूड साधारण 18 मिलिमीटर जाडीचं, भोकांच्या मागे ठोकलेले टी-नट. सेटर शिडीवर किंवा दोराला लटकून, एका हातात पाव किलोपासून चार-पाच किलोपर्यंतचा पॉलियुरेथेनचा होल्ड धरून, दुसऱ्या हाताने एम-10चा बोल्ट फिरवतो. समजा, तो स्लोपर आहे. म्हणजे बोटं अडकवायला कड नाही, नुसती गोलाई. तळहाताच्या घर्षणावरच भिस्त. तो बरोबर आडवा बसवला तर कुणीही त्यावर हात टेकवून क्षणभर थांबू शकतो. तोच थोडासा डावीकडे कलला, की शरीर उजवीकडे झुकवल्याशिवाय तो धरताच येत नाही, आणि झुकायचं तर पाय कुठे ठेवायचा हा नवा प्रश्न. सेटर बोल्ट ढिला करतो, होल्ड नखभर फिरवतो, ॲलन कीने बोल्ट आवळतो, खाली उतरून बुटांच्या नाड्या बांधतो आणि स्वतः चढून पाहतो. पुन्हा वर जातो. अखेरीस जागा पटली की होल्डच्या कडेला एक बारीक स्क्रू मारतो, कारण भर स्पर्धेत होल्ड फिरला तर तो तांत्रिक बिघाड धरून स्पर्धकाला पुन्हा संधी द्यावी लागते आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं.

एकट्याच्या चाचणीवर विसंबून चालत नाही. उंच सेटरला जो होल्ड सहज हाताला लागतो, तो बुटक्या मुलीला लागेलच असं नाही. म्हणून वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या ताकदीच्या माणसांकडून मार्ग चढून घेतात. त्यात पळवाटाही सापडतात. सेटरने जिथे उडी अपेक्षिलेली असते, तिथे एखादा लवचीक पोरगा टाच होल्डवर अडकवून उडी न मारताच पुढे सरकतो. मग तो होल्ड बदला, नाहीतर ती पळवाट मान्य करा.

एवढं करूनही ठिणगी पडायची ती पडतेच. पॅरिसमध्ये 2024 साली महिलांच्या बोल्डरिंग आणि लीड मिळून झालेल्या अंतिम फेरीत जपानच्या आय मोरीला उडी मारून पहिल्या बोल्डरचे सुरुवातीचे होल्डच गाठता आले नाहीत. तिची उंची 154 सेंटिमीटर. त्या बोल्डरवर तिला शून्य मिळालं. पुढे लीडमध्ये तिने सगळ्यांत जास्त गुण मिळवले आणि तरीही ती चौथी आली. सेटरने अन्याय केला, असं एका बाजूचं म्हणणं. कमी उंचीच्या इतर आरोहकही अशा उड्या मारतात, ती कला शिकायला हवी, असं दुसरीचं. वाद मिटलेला नाही, आणि मिटणारही नाही. कारण प्रत्येक शरीराला सारखाच अवघड जाईल असा मार्ग रचता येत नाही. तरी त्या दिशेने जास्तीत जास्त जवळ जाणं, हीच सेटरची जबाबदारी.

पेपर काढला की तो फुटू द्यायचा नाही. म्हणून मोठ्या स्पर्धेत ‘आयसोलेशन’ असतं. स्पर्धकांना एका बंद दालनात ठेवतात, मोबाईल काढून घेतात. आधीचा कुठे पडला, कुठे टिकला, हे पुढच्याला कळता कामा नये. लीडच्या फेरीआधी सगळ्यांना एकत्र बाहेर आणून भिंत न्याहाळायला 6 मिनिटं देतात. तेव्हा प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हवेत हात हलवत वरचे होल्ड धरून पाहतात आणि आपापसांत चर्चाही करतात. इतर खेळांत हे दृश्य सहसा दिसत नाही.

गुणांची पद्धतही समजण्यासारखी आहे. लीडमध्ये प्रत्येक होल्डला क्रमांक. 23व्या होल्डवर ताबा मिळवला तर 23, आणि तिथून पुढच्यासाठी ठोस हालचाल करून पडला तर 23 अधिक. या ‘अधिक’वर पदकं फिरतात, म्हणून पंचाच्या शेजारी कॅमेरा लागतो. बोल्डरिंगमध्ये 2025पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत माथ्याला 25 गुण, मधल्या ‘झोन’ होल्डला 10 आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे 0.1 गुणाची कपात आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिन्ही प्रकारांतले क्रमांक एकमेकांशी गुणून निकाल काढला होता. तो हिशेब प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेला होता. त्या मानाने आताचं गणित सरळ.

हे झालं वरच्या पातळीचं. एखाद्या गावातल्या क्रीडाकेंद्रात किंवा महाविद्यालयाच्या जिमखान्यात स्पर्धा भरवायची तर यातलं फारसं लागत नाही. परदेशातल्या विद्यापीठांच्या क्रीडाकेंद्रांत आणि शहरी जिममध्ये गुणपत्रकावरची स्पर्धा रूढ आहे. भिंतीवर चाळीस-पन्नास बोल्डर लावायचे, सोप्याला कमी गुण, अवघडाला जास्त. दोन-तीन तास भिंत सगळ्यांना खुली. ज्याने त्याने हवा तो बोल्डर हवा तितक्यांदा करून पाहावा. चढला, की तिथल्या स्वयंसेवकाची किंवा बघणाऱ्या दोघांची कागदावर सही घ्यायची. अखेरीस सर्वांत जास्त गुणांचे पाच बोल्डर धरून बेरीज. आयसोलेशन नको, बंद दालन नको. आठवीतला मुलगा आणि पन्नाशीतले काका एकाच मॅटवर बसून एकाच बोल्डरची चर्चा करताना दिसतात.

गोंधळ व्हायचा तो इतरच गोष्टींत होतो. नवख्यांनी खुल्या गटात नाव घातलं किंवा मुरलेल्यांनी नवशिक्यांच्या गटात, की निकालाच्या वेळी कुरबुर ठरलेली. म्हणून गटांच्या अटी अर्जावरच छापाव्यात. एका बोल्डरची पडण्याची जागा दुसऱ्याच्या रांगेवर येत असेल तर तो बोल्डर कितीही सुंदर असो, हलवावा. मॅटवर बाटल्या, ब्रश, मोबाईल दिसता कामा नयेत. दोराची चढाई ठेवली असेल तर बिले देणारे, म्हणजे खालून दोर सांभाळणारे, आयोजकांचे आणि पारखलेले असावेत. हार्नेसचं बकल आणि दोराची गाठ चढणाऱ्याने आणि बिले देणाऱ्याने एकमेकांची तपासल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. प्रथमोपचाराचा माणूस भिंतीपाशी हवा, कार्यालयात नको. हरकत कुणाकडे, किती वेळात आणि लेखी की तोंडी, हे सुरुवातीलाच माईकवरून सांगावं. संकुलाच्या रोजच्या सभासदांसाठी भिंत किती दिवस बंद राहणार याची पाटी आठवडाभर आधी लावावी, नाहीतर पहिली तक्रार त्यांचीच येते.

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. 1954 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरिविहार संस्थेने बेलापूरच्या नैसर्गिक खडकांवर स्पर्धा भरवण्याची परंपरा जोपासली. त्याच संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 2016 मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषकाची एक फेरी नवी मुंबईत आणली. भारतात अशी फेरी पहिल्यांदाच होत होती. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात भिंत उभी राहिली आणि जगातले अव्वल आरोहक तिथे चढले. 2017 मध्ये फेरी पुन्हा आली, तीही जूनच्या अखेरीला. सह्याद्रीचे कडे शेवाळाने निसरडे होतात त्या दिवसांत छताखाली जागतिक स्पर्धा चालली होती. छताचं मोल याहून वेगळं सांगायला नको. फावल्या वेळात काम करणाऱ्या हौशी संस्थेने एवढं शिवधनुष्य पेललं, याची नोंद आपल्या क्रीडापानांनी घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही.

देशात हा खेळ इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनच्या छत्राखाली चालतो. विभागीय आणि राष्ट्रीय स्पर्धा होतात. 2018च्या आशियाई स्पर्धांपासून हा खेळ तिथेही आहे, आणि 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिन्ही प्रकारांना वेगवेगळी पदकं असतील. भिंत उभारायला निधी मिळतो, कारण भिंतीचं उद्घाटन करता येतं. मार्ग बदलण्याचं उद्घाटन होत नाही. पण तेच होल्ड वर्षानुवर्षं त्याच जागी राहिले तर मुलांना मार्ग पाठ होतात, आणि पाठ झालेल्या मार्गावर मुलं दम वाढवतात, नवा मार्ग वाचायला शिकत नाहीत.

तेव्हा ज्या संकुलात, जिमखान्यात, महाविद्यालयात अशी भिंत आहे, त्यांच्या समित्यांनी वर्षातून एकदा तरी गुणपत्रकावरची साधी स्पर्धा भरवावी. आणि अंदाजपत्रक मांडताना कमान, शाल-श्रीफळ आणि ट्रॉफ्यांच्या आधी पहिली ओळ जाणत्या रूट सेटरच्या मानधनाची लिहावी. दुसरी ओळ, त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन स्थानिक पोरांची. पुढच्या वर्षीची स्पर्धा तीच पोरं लावतील.